आत्याचा वाटा

लातूरच्या आमच्या ऑफिसात शेळ्या-म्हशींच्या आजारांवर फोनवरून उत्तरं देणारं भाषेचं मॉडेल तयार होत होतं. त्याला काय वाचायला द्यायचं आणि कशाचा किती वाटा ठेवायचा, हे ठरवणं माझं काम. सरकारी पत्रकं ढीगभर, बातम्या त्याहून जास्त. लोकांचं बोलणं मात्र चिमूटभर. त्यातलंही निम्म्याहून जास्त माझ्या सरजाआत्याचं. ती बिलोलीजवळ शेळ्या पाळते आणि एकदा सुरू झाली की तिला थांबवायची कुणाची छाती होत नाही.

मी अतिशहाणपणा केला. बोलण्याचा वाटा वाढावा म्हणून आत्याचंच बोलणं उतरवून मॉडेलला पुन्हा पुन्हा वाचायला दिलं. चाचणीचं छोटं मॉडेल आलं, तर कुणाचीही शेळी आजारी पडो, उत्तर एकच: "चंद्रीला ओवा-गूळ दे अन् गप बस." चंद्री ही आत्याची शेळी. सगळं ऑफिस पोट धरून हसलं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

आमचे प्रमुख सुदर्शन सर म्हणाले, "महामाया, बोलणं काढूनच टाका. पत्रकं स्वच्छ आहेत. पुढच्या सोमवारी मोठं मॉडेल शिकायला बसवायचंय."

"सर, 'पशुपालकांनी दक्षता घ्यावी' ऐकलं की बाई फोन ठेवून देईल. सोमवारपर्यंत थांबा." माझा मलाच राग आला होता. पण बोलण्याचा वाटा सोडायचा नाही म्हणजे नाही.

मी तडक आत्याकडे गेले. तुझं बोलणं आता एकदाच घालणार, बाकीच्यांचंही पाहिजे, असं तोंडावर सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे मपलं जास्त झालं?"

"हाव."

मला फार वाईट वाटलं. ती शेळीचे कान चोळत बसली, मग पदर खोचून उठली. "चल मुखेडच्या बाजारात. नुसत्या तुझ्या त्या रेकॉर्डिंगच्या डब्बीपुढं कोण बोलतंय? मपल्याशी मात्र भांडतील."

आणि भांडले! आत्या प्रत्येक शेळीपुढे उभी राहून मोठ्यानं उपाय सांगायची, माणसं तिच्यावर तुटून पडायची. मलप्पा नावाचा शेळीवाला तर खेकसलाच, "ओ बाई, आधी इचारा तरी! काय खाल्लं, पोट फुगलंय का, कवापासून हाय!" बायकाही मागे हटल्या नाहीत. मी एकेकाची परवानगी घेऊन रेकॉर्ड करत राहिले. संध्याकाळी आत्याचा घसा बसला होता.

सगळं उतरवून मी नवं मिश्रण केलं. आत्या एकदाच, बाजार भरपूर. सोमवारी दोन छोटी मॉडेलं शेजारी ठेवली आणि सरांनी विचारलं, शेळी चरत नाही, काय करू? पत्रकांवर शिकलेल्यानं अख्खं पत्रक वाचून दाखवलं. माझ्या मॉडेलनं विचारलं, "कवापासून? पोट फुगलंय का?"

"पत्रक कधी विचारत नाही," मी म्हटलं. सरांनी बोलण्याचा वाटा मी मागितला होता त्याहून जास्त ठेवला.

मोठं मॉडेल तयार झाल्यावर मी पहिला फोन आत्याला लावू दिला. एक शेळी लंगडून राहिली, म्हणाली. तिकडून प्रश्न येत गेले. कोणता पाय, सूज आहे का, कुठं चरायला नेली होती. आत्या एकेका प्रश्नाला शांतपणे उत्तर देत होती. फोन संपला तरी तिनं तो कानावरून काढला नाही.

"महामाया," ती म्हणाली, "मला आजवर एवढं कुणी इचारलंच न्हवतं गं."