सहा सिलिंडरांची साक्ष

नरहरीशेठच्या लॉरीने वाघोबाच्या खिंडीत मान टाकली, आणि तीही पंधरा दिवसांत सात वेळा. मनोरकडच्या खाणीवर खडी भरायची, खिंड चढून पालघरला उतरायचे आणि बोईसरवरून तारापूरला जाऊन ती ओतायची, एवढेच तिचे काम. सासष्ट सालचा डिसेंबर होता. तारापूरला देश अणू फोडून दिवे लावायच्या तयारीत होता आणि त्यासाठी लागणारी खडी खिंडीच्या दुसऱ्या वळणावर, मागच्या चाकांना दगड लावून, स्वस्थ बसलेली होती.

अशा वेळी कारण शोधत बसण्यापेक्षा माणूस शोधला की काम लवकर उरकते, हे नरहरीशेठना कंत्राटदारीच्या आठ वर्षांत उमगले होते. माणूस तर समोरच होता. नागोराव, परभणीकडचा ड्रायव्हर. कार्तिकात बायकोला, मैनाबाईला, गावाहून आणून त्याने बोईसरला भाड्याची खोली घेतली होती. शेठचे म्हणणे असे, की नागोरावाने ऑइल न बघता लॉरी पळवली आणि इंजिन खाल्ले. इंजिन खाणाऱ्याला नोकरीवरून काढायचे, हे ठरलेलेच होते. पण शेठ न्यायी माणूस. पुराव्याशिवाय ते कुणाला काढत नसत. आधी काढायचे ठरवत आणि मग पुरावा मागवत.

पहिला पुरावा दामू मिस्त्रीने बिघडवला. त्याने प्लग काढले, भोकावर अंगठा दाबून धरला, हँडल मारायला सांगितले आणि फटकन अंगठा उडाला तसा म्हणाला, "शेठ, इंजिन घोड्यावानी हाय."

"तुझा अंगठा म्हणजे काय सरकारी कागद हाय?" शेठ म्हणाले. "दोघं एका काडीवर बिड्या पेटवता. तो अंगठा त्याच्याच बाजूनं बोलणार."

म्हणून मुंबईहून कॉम्प्रेशन मोजायचे घड्याळ आले. त्याला बिडी ओढता येत नव्हती, ही त्याची पहिली पात्रता. ते वापरायला माणूस हवा, म्हणून केळव्याहून कमलाकांत आला. शेठच्या वाडीला लागून त्याच्या वडिलांची पानवेलींची वाडी. कमलाकांत पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाला होता. किती टक्के, असे कुणी विचारले तर तो अठ्ठावन्न दशांश चार सांगे. न विचारता सांगितले तरी दशांश सोडत नसे. तारापूरच्या प्रकल्पात त्याने अर्ज टाकला होता. उत्तर यायचे होते. तोवर देशाच्या वैज्ञानिक प्रगतीतला त्याचा वाटा म्हणजे घरी बसून पाने मोजणे एवढाच होता, आणि पानांच्या बाबतीतही आई त्याची मोजणी पुन्हा तपासून घेई.

सकाळी आठला पालघरच्या गोदामामागे सगळे जमले. शेठ पूजेला बसले होते. "तू सुरू कर, कमलाकांता. मी आरती आटपून येतो. तोवर काय ते निघालं पायजे," असे सांगून गेले. काय निघायला हवे, ते त्यांनी नागोरावकडे बघून सांगितले.

कमलाकांतने घड्याळासोबत आलेले पुस्तक आदल्या दिवशी तीनदा वाचले होते. त्याने इंजिन वीस मिनिटे चालवून गरम करून घेतले. ठिणगीची वायर सोडवली, सहाही प्लग काढून क्रमाने फडक्यावर मांडले. दामू बाजूला उकिडवा बसून हे सगळे, परक्या गावची पूजा बघावी तसे, बघत होता.

"यात काय दिसतं सायेब?" नागोरावाने केबिनमधून विचारले. आवाज खाली होता. काय दिसते यावर त्याची खोली, मैनाबाईची नवी चूल आणि महिन्याचा शिधा टांगलेला होता.

"पिस्टन वर येताना हवा दाबतो," कमलाकांत म्हणाला. "रिंगा झिजल्या असल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसले तर हवा निसटते आणि काटा चढत नाही. सगळे ठीक असेल तर या इंजिनात काटा एकशे दहाच्या आसपास जाऊन थांबेल."

"आन् मी हवा सोडली का नाही, ते कळंल?"

"हवा सिलिंडर सोडतो. तुम्ही नाही."

"शेठला सांगा हे."

पुस्तकात लिहिले होते, की मोजताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा, म्हणजे इंजिनाला हवा अडवणारी झडप पूर्ण उघडी राहते. कमलाकांतने पहिल्या भोकात घड्याळाची रबरी चोच दाबली आणि सांगितले, "ॲक्सिलरेटर दाबा."

"दाबला."

लिहिलेल्यावर विश्वास, पण ऐकलेल्यावर नाही, अशी कमलाकांतची शिकवण. त्याने वाकून कार्ब्युरेटरमध्ये बघितले. झडप जेमतेम एक तृतीयांश उघडली होती.

"पूर्ण दाबा."

"पूर्णच दाबलाय की."

"अर्धासुद्धा नाही. आणखी दाबा."

"आता काय पाय मोडू? लाकडापोतर गेलाय सायेब."

"कुठल्या लाकडापर्यंत?"

दामूने बिडी काढली, पण पेटवली नाही.

कमलाकांत केबिनमध्ये चढला. ॲक्सिलरेटरच्या खाली, तळाच्या पत्र्याला दोन स्क्रूंनी जखडलेला, खैराचा एक ठोकळा होता. त्याने पट्टी लावली. उंची दोन इंच आणि वर एक अष्टमांश. ठोकळ्याला तांबडा रंग दिला होता आणि रंगावर हळदकुंकू. नागोरावाच्या चपलेने ते कुंकू कडेने झिजले होते.

"हे काय आहे?"

"पेट्रोल बचत," दामू म्हणाला. "शेठची स्वतःची आयडिया. दसऱ्याला तिन्ही गाड्यांत बसवले, पूजा करून. डायवर लोक जोरात दाबतात म्हणून. दाबायला जागाच ठेवली नाय की पेट्रोल जातंच कुठं!"

"बाकीच्या दोन लॉऱ्या?"

"त्या बोईसर-तारापूर माणसं नेतात. सपाट रस्ता. आदीच पाय हळू. त्यांना काय कळतंय. हीपण पंधरा दिवसांमागं खिंडीवर आली, तवर तिथंच होती."

कमलाकांतने वहीत लिहून घेतले: दसऱ्याला ठोकळा, दसऱ्यानंतर खिंडीत लॉरी बंद. मग त्याने चष्मा पुसला आणि नागोरावला विचारले, "तुम्ही शेठना हे सांगितले नाही?"

"सांगितलं की! 'शेठ, त्ये लाकूड...' एवढंच म्हनलो. म्हनले, लाकडाचं नाव काढशील तर घरी जाशील. तवापासून आमी पूर्ण म्हंजी लाकडापोतरच धरतो. काढू नका सायेब. हात लावंल त्याला घरी घालवनार हायेत."

"मी घरीच असतो," कमलाकांत म्हणाला आणि स्क्रू काढले.

झडप पूर्ण उघडली. नागोरावाने स्टार्टर मारला. इंजिनाने सहासात धापा टाकल्या, काटा चढत गेला आणि थांबला. कमलाकांतने प्रत्येक सिलिंडर दोनदा मोजला आणि आकडे वहीत उतरवले: एकशे बारा, एकशे दहा, एकशे अकरा, एकशे आठ, एकशे बारा, एकशे नऊ.

दामूने आपला अंगठा वर धरून निरखला. "मुंबईला जाऊन शिकलेला नाय, तरी पास झाला," तो म्हणाला.

शेठ आले ते कपाळाला गंध आणि हातात प्रसाद घेऊन. त्यांनी वही घेतली, आकडे वरून खाली आणि खालून वर वाचले.

"कमी कुठला?"

"चौथा. एकशे आठ. पण काका, दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो. हा तर चारच टक्के..."

"म्हणजे चौथा त्यानं खाल्ला."

"कुणीच काही खाल्ले नाही. इंजिन उत्तम आहे. ते चढत नाही याचे कारण हा ठोकळा. चढावर जास्त हवा आणि जास्त पेट्रोल लागते. ठोकळा दोन्ही अडवतो."

शेठनी ठोकळ्याकडे पाहिले. कमलाकांतच्या हातात तो उघडा बघून त्यांना शिवी द्यायची होती. पण प्रसाद हातात होता. "माझ्या ठोकळ्यानं तीन गाड्या चालतात," ते म्हणाले. "त्यातल्या दोन कशा चालतात मग?"

"सपाट रस्ता आहे, काका."

"म्हणजे रस्ता नीट तर ठोकळा नीट. मग ठोकळ्याचा काय दोष?"

या प्रश्नाला बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते. म्हणून कमलाकांत प्रयोगावर आला. तोच भार, तोच ड्रायव्हर, तोच चढ. एकदा ठोकळा लावून, एकदा काढून. शेठनी स्वतः केबिनमध्ये बसावे. शेठना हे पसंत पडले. स्वतः बसल्यावर गाडी बंद पडायची हिंमत करणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

दुपारी भरलेली लॉरी मनोरच्या बाजूने खिंडीला लागली. ठोकळा जागेवर होता. पहिल्या वळणावर नागोरावाने गिअर उतरवला, दुसऱ्यावर आणखी उतरवला, आणि तिथे लॉरी दोनदा हुंदका देऊन थांबली. दामूने उडी मारून चाकाला दगड लावला. तो दगड तिथेच पडून होता. गेल्या सात खेपांपासून त्याला दुसरे काम नव्हते.

"आता ठोकळा काढतो," कमलाकांत म्हणाला आणि वाकला. स्क्रू अडकला होता. तो निघेपर्यंत पाचेक मिनिटे गेली. वर बघतो तो शेठ खाली उतरून, खिंडीवरच्या वाघोबाच्या देवळाकडे तोंड करून, रस्त्याकडेच्या दगडावर नारळ फोडत होते. केळव्याच्या वाडीतला नारळ त्यांच्या पिशवीत नेहमी असे.

"काका!" कमलाकांत ओरडला. "हे काय केलंत?"

"देवाला नारळ दिला. का? देऊ नये?"

कमलाकांतला सांगायचे होते, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. पण वाघोबाच्या दारात उभे राहून हे कसे सांगायचे, त्याची पद्धत पुस्तकात नव्हती.

लॉरी सुरू झाली. नागोरावाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, आणि गेले दोन महिने उपाशी ठेवलेले ते इंजिन एकदम पोटभर जेवल्यासारखे बोलू लागले. दुसरे वळण गेले, तिसरे गेले. देवळासमोर पोहोचली तेव्हा लॉरीत इतकी ताकद शिल्लक होती, की दामू मागे खडीवर बसून टाळ्या वाजवत होता.

शेठनी हात जोडले. "बघितलंस? नारळ!"

"काका, ठोकळा..."

"ठोकळा दसऱ्यापासून होता. नारळ आज दिला. आज चढली." मग ते नागोरावकडे वळले. "म्हणजे तू पंधरा दिवस देवाला नारळ चुकवलास! माझी गाडी देवाच्या दारात सात वेळा बसली ती तुझ्यामुळं. उद्यापासून येऊ नको."

"शेठ, हरेक खेपेला हात जोडतो मी! इचारा पुजाऱ्याला," नागोराव म्हणाला. त्याने इंजिन बंद केले नाही. बंद केले तर आपण उतरायचे, असे त्याला वाटले असावे.

कमलाकांतने मनात हिशेब मांडला. शास्त्राप्रमाणे आता तिसरा प्रयोग हवा: नारळ देऊन, ठोकळा लावून. लॉरी बसेल. मग शेठ म्हणतील, नारळ लहान होता. चौथ्या प्रयोगात मोठा नारळ. केळव्यात नारळांना तोटा नव्हता. नागोरावकडे मात्र उद्या सकाळपर्यंतचाच वेळ होता. सहा सिलिंडरांनी साक्ष दिली होती आणि ती सहाही खरी होती, पण न्यायाधीशाला ती भाषाच येत नव्हती.

त्याने ठोकळा दोन्ही हातांत धरला, कुंकवाची बाजू वर केली.

"काका, दसऱ्याला याची पूजा कुणी केली?"

"मी. स्वतः. का?"

"फुलं, हळदकुंकू, नारळ?"

"सगळं."

"आणि त्यानंतर दोन महिने," कमलाकांत सावकाश म्हणाला, "या पूजलेल्या वस्तूवर रोज चपलेचा पाय पडतोय. वाघोबाच्या दारातून जातानासुद्धा."

शेठचे हात जोडलेलेच राहिले. त्यांनी झिजलेले कुंकू पाहिले, मग नागोरावाची चप्पल, मग पुन्हा कुंकू. चेहरा उतरत उतरत पार गंधाखाली गेला.

"पाय कुणाचा?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले.

"ड्रायव्हरचा. पण जागा त्याने निवडलेली नाही."

हे शेठना लगेच समजले. ज्याने जागा निवडली त्याला काढायची सोय नव्हती, म्हणून नागोरावला काढायचेही राहून गेले. शेठनी आपल्या उपरण्याचे टोक पसरले, ठोकळा त्यात घेतला, कपाळाला लावला आणि काचेसमोर, गणपतीच्या तसबिरीशेजारी ठेवला. "बाकीच्या दोन गाड्यांतलेपण आजच काढा," ते दामूला म्हणाले. "आणि कुणी चप्पल घालून गाडीत बसू नका, निदान आठवडाभर."

थोड्या वेळाने त्यांनी कमलाकांतला विचारले, "हे तू बी.एस्सी.ला शिकलास?"

"नाही काका. हे घरी शिकलो."

"तरी म्हटलं," शेठ समाधानाने म्हणाले. "नुसत्या शिकण्यानं काय होतं?"

पालघरला शेठ उतरले. लॉरी बोईसरच्या रस्त्याला लागली तेव्हा नागोरावाने पहिल्यांदा पाठ सीटला टेकवली. उमरोळी गाव मागे पडले. मग म्हणाला, "सायेब, आज मैनेला काय सांगू? मला घड्याळानं वाचिवलं का वाघोबानं?"

"आकडे बरोबर होते," कमलाकांत म्हणाला.

"त्ये खरं. पर आकड्यानं तर मला घरीच घालविलं असतं."

कमलाकांतने वही उघडली. सहा आकड्यांखाली त्याने रेघ मारली, तारीख लिहिली, इंजिनाची स्थिती उत्तम असे लिहिले. त्याखाली 'कारण' असा रकाना होता. त्याने पेन टेकवले, थोडा वेळ तसेच धरले. रस्ता सपाट होता आणि लॉरी चांगली पळत होती, तरी त्याला अक्षर नीट येणार नाही असे वाटले. त्याने पेनाला टोपण लावले.