चोवीस किट, छत्तीस माणसं

दवाखान्याच्या भांडारपालाला आकड्यांची बाधा झालीय, असं त्याची ताई म्हणायची. ती साथीच्या वॉर्डात परिचारिका. घरी त्याची ताई, वॉर्डात सगळ्यांची ताई. हुकूम दोन्हीकडे तिचाच.

आज मात्र हुकूम घड्याळाचा होता. पुढच्या चौदा दिवसांत अंगभर घालायची, एकदा वापरून टाकायची संरक्षक किट किती लागतील, तो आकडा बाराच्या आत वरच्या कचेरीत पोचवायचा होता. मागाल तेवढीच मिळतील, नंतर एकही वाढवून नाही. आणि त्याच किटमध्ये ताई उभी राहणार होती.

सव्वाअकराला त्याने वही उघडली. मागच्या आठवड्यात वॉर्डाने रोज बहात्तर किट नेली, या आठवड्यात रोज चोवीस. चोवीस गुणिले चौदा, तीनशे छत्तीस. स्वारी खूश झाली. ही शिस्त त्यानेच लावली होती ना! मागच्या रविवारी वॉर्डाने दोन किट न वापरता परत केली, तेव्हा त्याने भांडाराच्या खिडकीवर कागदच डकवला होता: 'किट वाचवल्याबद्दल साथीच्या वॉर्डाचे अभिनंदन!'

पण रोगी वाढलेत आणि किट कमी? मनात पाल चुकचुकली. वॉर्डात कोणी फोन उचलेना, तेव्हा तो जिने चढून काचेच्या दारापाशी गेला.

किट घातल्यावर कोण कोण ते कळत नाही, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायची तिथली रीत. 'ताई' लगेच सापडली. पण त्या अक्षरांच्या वर 'छोटी' लिहून खोडलेलं होतं. छोटी म्हणजे रात्रपाळीची नवी सिस्टर.

तो बोटांवर मोजू लागला. पाळीला बारा माणसं, तीन पाळ्या. छत्तीस माणसांना चोवीस किट! तिसरीतल्या पोरानेही हे पकडलं असतं.

"ताई, दुसरीचं उतरवलेलं किट घातलंयस तू?" तो काचेतून ओरडला.

"मग काय करू? तूच कागद लावलास ना! आम्हाला वाटलं, साठा संपत आलाय आणि तू गोड बोलून सुचवतोयस."

"अगं, साठा आहे! खरी किती लागतात?"

"पाळीला माणशी दोन. मधे उतरवल्याशिवाय ना पाणी पिता येत, ना मोरीत जाता येत. हल्ली आठ तास पाणीच पीत नाही आम्ही. आणि उद्यापासून पाळीला सोळा जण असणार."

तो दोन-दोन पायऱ्या उतरत पळाला. रोज शहाण्णव, चौदा दिवस, तेराशे चव्वेचाळीस. अकरा सत्तावन्नला आकडा गेला आणि लगेच फोन वाजला.

"वापर चोवीस आणि मागणी शहाण्णव? डोकं ठिकाणावर आहे का?" वरच्या कचेरीतले साहेब कडाडले.

"चोवीस हा वापर नाही साहेब, माझी घोडचूक आहे. लेखी देतो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. घड्याळात दोन मिनिटं उरली होती.

"द्या लेखी. घेतो आकडा."

त्याने खिडकीवरचा कागद टराटरा फाडला, किटचा खोका आणि पाण्याची बाटली उचलून वर नेली. ताई किट उतरवून, हात धुऊन बाहेर आली आणि बाटली घटाघटा रिकामी केली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"छोटीलाही सांग, आता नवं किट मिळेल," तो म्हणाला.

"ती आज येणार नाही. पहाटेपासून ताप आहे तिला."

ताईने बाटलीचं झाकण लावलं. भाऊ काचेतून आतल्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत होता. वरच पडलेल्या किटवर दोन्ही नावं दिसत होती.