तुम्ही गेल्यावर

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी गल्ली तिला ऑपरेटरबाईच म्हणायची. विद्यापीठाने वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या पडण्या-धडपडण्याचा अभ्यास काढला, तेव्हा तिला प्रश्न ठरवायला आणि घरोघरी जाऊन विचारायलाही बरोबर घेतलं. ‘बोलताना घरचं कोणी खोलीत नको,’ हा नियम तर तिनेच भांडून घालून घेतलेला.

एके दिवशी तो अंगाशी आला.

म्हातारी खाटेच्या कडेला बसली होती. मनगटावर बोटांचे जांभळे वळ. थोराड मुलगा दाराला पाठ लावून उभा.

“विचारा की माझ्यासमोर.”

ऑपरेटरबाईच्या पाचावर धारण बसली. “जरा बाहेर थांबता का? सगळ्याच घरी सांगतो आम्ही.”

तो हसला आणि गेला. मागोमाग बाहेरून कडी सरकली.

“रोजच लावतो,” म्हातारी पुटपुटली.

“मावशी, न्हाणीघरात पडलात ना?”

“पडले नाही गं.” तिने ऑपरेटरबाईचा हात घट्ट धरला. “पण कुणाला सांगू नकोस. तुम्ही गेल्यावर मला इथेच राहायचंय.”

ऑपरेटरबाईने पदराआड फोन धरून अभ्यास चालवणाऱ्या विद्यापीठातल्या मॅडमना कुजबुजत सगळं सांगितलं.

“बाई, कडी निघाली की तुम्ही आधी निघा तिथून! मी पोलिसांना घेऊन येते.”

तेवढ्यात कडी निघाली. “झालं का?”

त्याच्यामागे जिना दिसत होता. तिचे पाय आपसूक उठले. हातातला हात मात्र सुटेना. ती पुन्हा बसली.

“नाही. वेळ लागेल.”

तो आत येऊन समोरच बसला. मग ती विचारत सुटली: चपला घसरतात का, चष्मा कधी बदलला, उठताना चक्कर येते का. प्रश्न संपले, तसे मनाने रचले. आवाज चिरकत होता. तो तिच्या तोंडाकडे एकटक बघत होता.

“तुम्ही राहता कुठे?” त्याने मध्येच विचारलं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. जिन्यावर मॅडमची आणि पोलिसांची पावलं वाजली, ती नेमकी तेव्हाच.

म्हातारीला संध्याकाळी तिच्या बहिणीकडे पोचवलं. पुढच्या बैठकीत ऑपरेटरबाईने ठणकावून सांगितलं, यापुढे एकट्याने कुणी जायचं नाही. सगळ्यांनी मान्य केलं.

अजूनही बेल वाजली, की ती आधी आतूनच विचारते, “कोण?” आणि उत्तर येईपर्यंत श्वास घेत नाही.