सुवालीची ओहोटी

पाचोऱ्याच्या हायस्कूलात पुष्पाबाई बिऱ्हाडे अकरा वर्षं इतिहास-भूगोल शिकवत होत्या. १९८९च्या जानेवारीत त्यांना पत्र आलं. धुळ्याच्या शिक्षक शिबिरात ‘खंभातचं आखात आणि इंग्रजांचं आगमन’ या विषयावर त्यांनी बोलायचं होतं.

टिपणं दोन दिवसांत तयार झाली. तापीच्या मुखाशी गाळ, म्हणून मोठी जहाजं सुरतेपर्यंत येत नसत. ती जवळच सुवालीला थांबत, किनारा आणि रेतीचा दांडा यांच्यामधल्या खोल पाण्यात. १६१२ साली तिथंच इंग्रजांनी पोर्तुगिजांना आरमारी लढाईत हरवलं आणि पुढच्या वर्षी सुरतेत वखार घातली. सगळं बरोबर होतं, तरी बाईंचं चित्त ठिकाणावर नव्हतं. समुद्र त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. भाकरी थापता थापता त्या उठत आणि वहीतलं एखादं वाक्य खोडून येत.

“पुस्तकमा बठ्ठं लिखेल शे ना?” त्यांचे पती लोटन घरच्या अहिराणीत म्हणाले; सगळं पुस्तकात आहेच, मग काळजी कसली, असा त्यांचा सूर होता. ते पोस्टात कामाला होते.

“शे. पन मी देखेल नई.”

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या एकट्याच जळगावला गेल्या आणि सुरतेच्या गाडीत बसल्या. रविवारी सकाळी सुरतेहून एसटी, मग बैलगाडी, मग पायी. किनाऱ्यावर पोचल्या तेव्हा समोर समुद्र नव्हताच. नजर जाईल तिथवर काळा चिखल होता आणि फार दूर पाण्याची एक रेघ.

बाईंना हसावं की रडावं कळेना. इतक्या लांब येऊन असं परतायचं? त्यांनी चपला हातात घेतल्या, लुगडं वर खोचलं आणि त्या रेघेच्या दिशेनं चालू लागल्या. अर्धा तास चालूनही रेघ तेवढीच दूर. मग खेकड्यांची टोपली घेतलेला एक म्हातारा लांबून हात हलवताना दिसला.

“बेन, पाछां वळो. पाणी आवे छे.”

शब्द कळले. माहेरी साक्रीकडे बाजारात गुजराती कानावर पडलेली होती. पण पाणी तर समोर कुठंच नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. पाणी मागून येत होतं. चिखलातल्या ज्या नाळी, म्हणजे पाण्याच्या उथळ वाटा, त्या सहज ओलांडून आल्या होत्या, त्या आवाज न करता भरत होत्या. बाई पळायला लागल्या आणि गुडघ्यापर्यंत रुतल्या.

म्हातारा जवळ आला, त्यानं काठी पुढे केली. “दोडशो नही,” तो शांतपणे म्हणाला. त्यानं त्यांना किनाऱ्याकडे नेलंच नाही. आधी आडवं नेलं, एका न दिसणाऱ्या उंचवट्यावर. तिथं रेती घट्ट होती. त्या पट्टीवरून वळसे घेत, एका नाळीत कमरेएवढ्या पाण्यातून, दोघं किनाऱ्याला लागले. वळून पाहिलं तर चिखल गेला होता आणि आखात काठोकाठ भरलं होतं.

धुळ्याला बाईंनी टिपणं उघडलीच नाहीत. सुवालीला काय घडलं ते सांगून त्या म्हणाल्या, “तिथला रेतीचा दांडा डोळ्यांना दिसत नाही. तो माहीत असावा लागतो. परक्या जहाजांना तो तिथल्याच कुणीतरी दाखवला असणार. त्या माणसाचं नाव मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.”

सभागृहातून एका वयस्कर शिक्षकांनी विचारलं, “आणि तुम्हाला वाचवलं त्यांचं नाव?”

ते बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

पुढचे तीन महिने ते त्यांना खुपत राहिलं. मे महिन्यात लोटनला बरोबर घेऊन त्या पुन्हा सुवालीला गेल्या. दोन दिवस विचारत फिरल्यावर म्हातारा एका झोपडीपुढे जाळं सांधत बसलेला सापडला. त्यानं ओळखलं, पाणी दिलं. बाईंनी नाव विचारलं.

“भाईदास,” तो म्हणाला, आणि एवढ्यासाठी कुणी इतक्या लांबून येतं का, अशा नजरेनं लोटनकडे पाहू लागला.