एका कढईतलं गाव

मित्रांनो, भिंतीवर माझी कडी वाऱ्याने हळूच वाजली, की समजा मी जागी आहे. मी एक जुनी तांब्याची कढई आहे. एवढी मोठी, की मला उचलायला चौघेजण लागतात, आणि माझ्यात अख्खं गाव जेवतं.

माझा जन्म डोंगराच्या पोटातला. याच अँडीज पर्वतात, इथून लांबच्या एका डोंगरात मी युगानुयुगं दगड होऊन झोपले होते. मग मला खणलं, वितळवलं, ठोकलं. ठोकणाऱ्याचे हात मायेचे होते. पण त्याच्या दुकानातून माझा डोंगर दिसायचा, आणि तो आता डोंगर नव्हता. तो खड्डा होता. खड्ड्यात हिरवट पाणी, त्यावर एकही पाखरू उतरत नसे. अजून मला स्वप्नात तो दिसतो. म्हणून कोणी विचारलं, 'बाई, तू खाणीचीच लेक, मग तू कोणाच्या बाजूची?' तर मी म्हणते, आधी ऐका तर खरं.

खेचराच्या पाठीवरून मी चाकापाता गावात आले. गाव उंचावर, त्याच्याही वर तळं. तळ्याला सगळे आईच म्हणतात. तिचं पाणी पाटातून खाली येतं, त्यावर बटाटे, मका, मेंढरं, माणसं सगळी जगतात. दरवर्षी पेरणीआधी गाव वर चढतं आणि पाट उपसत उपसत खाली येतं. त्या दिवशी मी चुलीवर असते. पहिली वाटी तळ्याची, ती जमिनीवर ओतायची. दुसरी मला कल्हई करणाऱ्याची. मग ज्याच्या हाती फावडं त्याला वाटी. तिथे लहानमोठं नाही.

कल्हई तादेओ करायचा. वाढायचा डाव असायचा त्याच्या थोरल्या बहिणीच्या, मेल्चोराच्या हाती. जेवणं झाली, की मला घासून उन्हात ठेवत आणि आत मेंढीचं कातडं अंथरून तान्ही बाळं निजवत. तादेओ आणि एउलोहियाची रोसाल्विना पहिल्यांदा पालथी पडली ती माझ्याच कुशीत. माझ्या गोल भिंतीवर चढायची, घरंगळून मधोमध यायची आणि खुदकन हसायची. ते हसू माझ्या तांब्यात अजून घुमतं.

मग खाणकंपनीची माणसं आली. तळ्याखाली तांबं आहे म्हणाली. माझीच भावंडं! तळं रिकामं करून पलीकडे नवं बांधून देऊ, असंही म्हणाली.

"आई काय पाटा-वरवंटा आहे, उचलून शेजारी ठेवायला?" मेल्चोरा म्हणाली, आणि गाव हसलं.

पण हसणं टिकलं नाही. खालच्या आळीतल्या काहींनी कंपनीत काम धरलं. तादेओनेही. रोसाल्विनाची छाती भरलेली असायची, आणि औषध शहरात. वरच्या आळीचा संताप झाला. सभेत ठरलं, कंपनीत जाणाऱ्याच्या घराला कढईतली वाटी नाही.

त्या वर्षी एउलोहिया पहाटेपासून पाटात राबली. मग वाटी घेऊन रांगेतून मेल्चोरासमोर आली.

"वन्सं, हात बघा माझे. चिखल सुकलाही नाही."

"हात बघितले गं. भावाच्या डोक्यावरची कंपनीची पिवळी टोपीही बघितली."

"पोरगी खोकत होती, तेव्हा भरवली होती का कोणी सभा?"

"कंपनीकडे माग वाटी. तिथे कढया मोठ्या असतील."

लोक हसले. एउलोहियाने कोरडी वाटी शालीत गुंडाळली आणि ती निघून गेली. मित्रांनो, माझ्यात कालवण उरलं होतं. ते कुत्र्यांना घातलं. मला तोंड असतं, तर मी ओरडले असते.

घर दुभंगलं, की बाहेरच्याला दार वाजवावं लागत नाही. कंपनीने खालच्या आळीत टेबल मांडलं, वेगळी समिती केली. पुढच्या वर्षी खालच्या आळीतले लोक पाट उपसायला आले नाहीत. अर्धा पाट गाळाने भरलेलाच राहिला. आणि मला कल्हई कोण करणार? जुना लेप झिजला होता. कालवण हिरवट झालं, कळकलं. लोकांनी थू थू करून टाकलं.

"खालच्यांनी विष कालवलं!" कोणीतरी ओरडलं.

मेल्चोराने बोट बुडवून चाखलं. तिला कळलं, विषबिष काही नाही. पण ती बोलली नाही. मला पालथं टांगलं. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.

मग तळ्याचा कायमचा निकाल लावणारी सभा ठरली. तळं द्यायचं की नाही, गावाने सांगायचं. सभेच्या आदल्या सकाळी मेल्चोराने शेजाऱ्यांकडून मला गाढवावर चढवून घेतलं आणि ती खालच्या आळीत उतरली.

"काय वन्सं, वाट चुकलात?" एउलोहिया दारातच उभी.

"मी नाही, कढई चुकली. कळकते."

"विष आम्हीच घातलंय ना?"

"नाही गं. चाखलं तेव्हाच कळलं होतं मला. बोलले नाही." मेल्चोरा उंबऱ्यावरच बसली. "रोसाल्विनाच्या औषधाला आता वरची आळी जाईल शहरात, पाळीपाळीने. तादेओ कुठेही काम करो."

एउलोहियाने चुलीवर आधण ठेवलं.

"चहा घेणार? की तोही कंपनीचा म्हणाल?"

"साखर जास्त घाल. कंपनीची असली तरी."

तादेओ कल्हईचं कथील आणि नवसागर घेऊन आला. भाता फुसफुसला, कापसाचा बोळा फिरला, आणि माझ्या पोटात हळूहळू चंद्र उगवला. रोसाल्विना वाकून त्यात आपलं तोंड बघत राहिली.

सभा माळावर भरली. कंपनीचा साहेब म्हणाला, "खालची आळी आमच्यासोबत आहे." मेल्चोराने पहिली वाटी जमिनीवर ओतली. मग हाक मारली, "तादेओ!"

तो कंपनीच्या टेबलामागून उठला, माळ ओलांडून माझ्यापाशी आला.

"टोपी काढ मेल्या, कालवणात पडेल."

सगळा माळ हसला. त्याने टोपी काढली, वाटी घेतली. त्याच्यामागे खालची आळी रांगेत उभी राहिली, फावडी खांद्यावर घेऊन. "तळं कोणाला हवंय?" असं विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या हातात वाट्या होत्या. त्यांनी वाट्याच वर केल्या. वाफांचं एक धुकं त्यांच्या डोक्यांवर तरंगलं. साहेबाने टेबल मिटलं.

ते पुन्हा येतील, मला ठाऊक आहे. म्हणून मित्रांनो, एक विनवणी. भांडं नुसतं बाहेरून घासू नका. आतला लेप नकळत झिजतो, दरवर्षी तो हाताने लावावा लागतो. आणि फावडं घेऊन आलेल्याची वाटी कधी कोरडी परत पाठवू नका.

दुपारी माझ्यात कोणाचं तरी बाळ निजतं. मीही डुलकी घेते. मग तळ्याखालून माझ्या भावंडांचा श्वास ऐकू येतो. मी त्यांना हलकेच थोपटते. झोपा रे. वर सगळे एकाच कढईत जेवताहेत. तोवर तुम्हाला कोणी उठवणार नाही.