सहा बाटल्यांचा दिवस

दिशाने सकाळपासून तीनदा वजन करून पाहिलं होतं. तिसऱ्यांदा काटा दोनशे ग्रॅम वर गेला, म्हणून कानातले काढून ती पुन्हा उभी राहिली.

लग्नाला एकोणीस दिवस राहिले होते. रिसेप्शनच्या ब्लाउजचे हुक लागत नव्हते. ऑफिसातली तिची जुनी मैत्रीण करिश्मा नोकरी सोडून आता वेलनेस कोच झाली होती. तिच्या दहा दिवसांच्या डिटॉक्स ग्रुपमध्ये दिशा शिरली; ज्याने त्याने आपल्या सोयीने सुरुवात करायची. दिवसाला सहा बाटल्या: दुधी, काकडी, पालक, लिंबू. बाकी काही म्हणजे काही नाही. डोकं ठणकलं तर शरीरातलं विष बाहेर पडतंय असं समजायचं.

आज चौथा दिवस. डोकं ठणकत होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे तिला एका जागी बसवत नव्हतं. कपाट उघडायची, काय घ्यायचं होतं ते विसरायची, पुन्हा लावायची. होणारा नवरा हर्षित फोनवर साधं काही बोलला तरी ती खेकसायची.

तिच्यासोबत तिचे बाबाही रस पीत होते. पहिल्याच दिवशी गोपीनाथ म्हणाले होते, "एकटी उपाशी कशी रवशील गो? मी पन पितंय." त्यांना आठ वर्षांपासून शुगर. दिशाने करिश्माला विचारलं, तर ती म्हणाली, "काकांना बिनधास्त करू दे. दोन आठवड्यांत गोळी सुटते बघ." हे दिशानेच मोठ्या हौसेने बाबांना सांगितलं. गोळी त्यांनी अजून सोडली नव्हती, रोज सकाळी हिरव्या रसासोबत घेत होते. आई घरी असती तर हे चाललंच नसतं. पण सगुणा पत्रिका घेऊन चार दिवस कल्याणकडे माहेरी गेली होती.

अकराच्या सुमारास बापलेक कोलशेतहून ओवळ्याला निघाले, आत्याला आमंत्रण द्यायला. गाडी बाबा चालवत होते. घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या अलीकडे गाड्या ठप्प झाल्या. दिशा दर मिनिटाला मॅपवरची लाल रेघ बघत होती.

"बाबा, एसी वाढवू? किती घाम आलाय."

त्यांनी बाहीने कपाळ पुसलं. मग एका बाइकवाल्याने आरशाला हात लावला आणि गोपीनाथांनी काच खाली करून अशी शिवी घातली, की दिशा दचकलीच. लेकीसमोर त्यांनी कधी शिवी दिली नव्हती.

"बाबा! काय चाललंय?"

"सगल्यांना घाई," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. मग तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुजी शाला सुटली का गो?"

घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणं: बाबांची शुगर उतरतेय हे दिशाच्या लक्षात आलं. तेवढ्यात ब्रेकवरचा त्यांचा पाय सरकला आणि गाडी पुढच्या टेम्पोवर जाऊन टेकली.

तिने हँडब्रेक ओढला, चावी फिरवून गाडी बंद केली. टेम्पोवाला तणतणत खाली उतरला. दिशा गाडीत साखर शोधत होती. आईच्या पर्समध्ये खडीसाखरेची पुडी कायम असायची, डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. दिशाच्या पर्समध्ये लिंबू घातलेला पालकाचा रस होता.

"काय मॅडम, झोपलेत काय तुमचे..."

"दादा, शुगर उतरलीय त्यांची. काहीतरी गोड आहे का? काहीही!"

त्याने एकदा गोपीनाथांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि धावत जाऊन केबिनमधून कोल्ड्रिंकची बाटली आणली. "अर्धी आहे, उष्टी आहे. चालेल?"

"द्या!"

बाबांचं डोकं धरून तिने घोट घोट पाजलं. पहिला घोट शर्टावर सांडला. दुसरा ते नीट गिळले. मागे हॉर्न वाजत होते. टेम्पोवाला, शिवराम, हात हलवून मागच्यांना बाजूने काढत होता. पंधराएक मिनिटांनी बाबा म्हणाले, "अगं, मना काय झाला होता?" आणि ती रडायलाच लागली.

गाडी शिवरामनेच कडेला लावून दिली. बंपरचं नाव काढलं नाही.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टर हेमांगींनी बोटाला सुई टोचून शुगर पाहिली. "अडुसष्ट. कोल्ड्रिंक पिऊन अडुसष्ट. त्याआधी किती असेल? या गोळीला तुम्ही जेवलात की नाही ते कळत नाही, ती शुगर खाली आणतेच." मग त्यांनी दिशाकडे पाहिलं. "तुम्ही शेवटचं कधी जेवलात?"

"रविवारी. डिटॉक्स चालू आहे."

"कुठलं विष काढताय? एकाचं तरी नाव सांगा."

दिशाने पर्समधून डोकावणारी हिरवी बाटली आत ढकलली.

"लिव्हर आणि किडनी ते काम रोज करतात. रस प्यायल्याने जास्त करत नाहीत."

"पण अडीच किलो उतरले माझे."

"बरंचसं पाणी. जेवायला लागलात की परत येईल. काहींना हलकं वाटतं, नाही असं नाही. तळलेलं आणि गोड सुटतं ना. पण त्यासाठी उपाशी कशाला राहायचं?"

बाहेर येऊन तिने करिश्माला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

"दिशा, याला हीलिंग क्रायसिस म्हणतात, बरं होण्याआधी त्रास वाढतोच. मध्येच सोडू नकोस. माझाही आज नववा दिवस आहे, मला काय चक्कर येत नाही?"

"मग जेव ना गं."

करिश्माने फोन ठेवला. दिशाने ग्रुपवर लिहिलं: "माझे बाबा शुगरची गोळी घेतात. आज गाडी चालवताना त्यांची शुद्ध हरपत होती. कुणी गोळ्या घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा." दोन मिनिटांत तिला ग्रुपमधून काढलं गेलं. पण तेवढ्यात एक मेसेज आला होता, डोंबिवलीच्या कुणी नीलाताईंचा: "आमच्या ह्यांनी सहा दिवस गोळ्या बंद ठेवल्या आहेत. सारखी तहान लागते. काय करावं?"

दिशाने उभ्या उभ्याच त्या नंबरवर फोन केला. "काकू, आजच न्या डॉक्टरकडे. आत्ता."

"ते ऐकायचे नाहीत हो. म्हणतात, विष निघतंय."

"त्यांना फोन द्या."

नीलाताईंचे यजमान मधुकाका निवृत्त शिक्षक होते. वीस मिनिटं त्यांनी वाद घातला. दिशा हुज्जत घालत फुटपाथवर येरझाऱ्या घालत होती. शेवटी ते म्हणाले, "बरं, तुमच्या समाधानासाठी जातो." संध्याकाळी नीलाताईंचा मेसेज आला: शुगर चारशेच्या वर, त्यांना ठेवून घेतलंय, वेळेत आलात म्हणाले डॉक्टर.

आई दुसऱ्या दिवशी आली. गोपीनाथांनी आधीच सांगायला सुरुवात केली, "माजीच अक्कल गहान पडली होती..."

"नाही," दिशा म्हणाली. "मी सांगितलं त्यांना. गोळी सुटेल असं मीच म्हटलं."

सगुणाने पर्समधली खडीसाखरेची पुडी काढून गोपीनाथांच्या खिशात ठेवली. ओरडली नाही. मग ती भाकरी टाकायला आत गेली. दिशाही मागोमाग गेली आणि ओट्याशी उभी राहिली. आईने तव्यावरची पहिली भाकरी तिच्या हातात दिली, पण तिच्याकडे बघितलं नाही.