पट्ट्याचं चौथं भोक

डोळ्यांपुढे आणा पाहू — कुत्र्याच्या गळ्यातला चामडी पट्टा, पितळी बक्कल, ओळीनं पाच भोकं. वर्षानुवर्षं बक्कलाची तार तिसऱ्या भोकात असते. तिथलं चामडं काळं, गुळगुळीत झालेलं. आज ती चौथ्यात आहे... आजोबा वाकून पुन्हा पाहतात. चौथ्यातच. म्हणजे कुणीतरी पट्टा काढला होता. माझ्या माघारी. का?

तुम्ही असता तर सरळ विचारलं असतं. आजोबांनी विचारलं नाही. ते चाळीस वर्षं छापखान्यात जुळारी होते — शिशाचा एकेक खिळा उचलून शब्द जुळवायचा, तोही उलटा, आरशात दिसतो तसा — आणि चूक दिसली की ओरडायचं नाही, आधी शेजारचे शब्द तपासायचे, ही हाताला लागलेली सवय. म्हणून ते घर तपासत बसले. सून नव्या घराचे कागद चाळते आहे; तिथं कुत्री चालत नाहीत, असं ती मागे फोनवर म्हणाली होती... नात रोज दुपारी कुत्र्याला, खिळ्याला, घेऊन मागच्या अंगणात जाते, दार ओढून घेते. परत येतो तेव्हा त्याच्या तोंडाला दुधाचा वास, आणि संध्याकाळची ताटली तशीच. दुसऱ्याच्या हातून खायची सवय लावताहेत त्याला, देऊन टाकायचं म्हणून... नक्कीच.

खिळ्या छापखान्यातच जन्मला, खिळ्यांच्या लाकडी पेट्यांखाली. यंत्र धडधडायला लागलं की जमीन हलायची, आणि हे पिल्लू त्या हादऱ्यावर गाढ झोपायचं. यंत्र थांबलं की जागं! शाईचा वास, रॉकेलचा वास, मालकांचं खोकणं, ‘अजून किती ओळी?’ म्हणून त्यांचं ओरडणं... त्या सगळ्यातलं एवढंच उरलंय, चार पायांवर. तेही नेणार?

“सूनबाई, पट्ट्याला कुणी हात लावला?”

“बाबा, छापखाना बंद होऊन दहा वर्षं झाली, अजून तुमचं चुका शोधणं सुटेना!” ती हसली. जरा लवकरच हसली, असं त्यांना वाटलं.

दुपारी ते दबकत नातीमागोमाग गेले आणि अंगणाचं दार ढकललं. नात भिंतीशी फतकल मारून बसली होती, पुढ्यात दुधात भिजवलेला पाव. ती दचकलीही नाही.

“आलात? गुप्तहेर!”

“पट्टा तू काढलास?”

“काढला नाही. घट्ट केला. डोक्यावरून निसटत होता.”

“निसटेल कसा? तेरा वर्षं—”

“आजोबा, तो बारीक झालाय.” मग हळूच, “चावता येत नाही त्याला. आईला मीच म्हटलं, तुम्हाला सांगू नको. तुम्ही जेवला नसतात.”

एक भोक आत. बाहेर नव्हे, आत... घरातलं एकेक माणूस त्यांनी तपासलं होतं. कुत्र्याकडे पाहिलंच नव्हतं. नव्या घराचे कागद तर खरेच होते. पण संशय आता तिकडे जाईना. तो वळून त्यांच्याकडेच पाहत होता — मला दिसलं नाही, की मी बघितलं नाही?

त्यांनी पावाचा तुकडा उचलून धरला, नेहमी धरायचे तेवढ्याच उंचीवर. खिळ्या तुकड्याकडे नुसता पाहत राहिला. माझ्या हातून नकोय त्याला... नकोय?

नातीनं त्यांचं मनगट धरलं आणि हात खाली आणला, त्याची मान पोचेल तिथपर्यंत.